साहेबाचं कुत्रं

कोडोलीच्या पुढं आमचं गाव. गावाबाहेर उसाच्या फडांमधून जी पाणंद जाते, तिच्या टोकाला एका इंग्रजाचं थडगं आहे. गाव त्याला साहेब म्हणतं. साहेब कुठला, इथं कशाला आला, कसा मेला, यातलं काहीही गावाला माहीत नाही आणि त्यावाचून गावाचं कधी अडलेलंही नाही. साहेबापुढं सिगारेट पेटवून ठेवतात. ऐपत असेल तो क्वार्टर ठेवतो आणि दिवस मावळेपर्यंत कुणीतरी ती साहेबाच्या वतीनं संपवतो. साहेबाच्या पायथ्याशी एक छोटा उभा दगड आहे. ते साहेबाचं कुत्रं. आसपासच्या गावांत कुणाला कुत्रं चावलं की आधी सरकारी दवाखान्यात सुया घ्यायच्या आणि मग इथं येऊन या दगडावर भाकरी ठेवायची, अशी रीत आहे. गुण येतो सुयांनी, नाव होतं दगडाचं.

या थडग्यापासून हाकेच्या अंतरावर मी वाढले. आमची वस्ती गावाबाहेर, आणि साहेबालाही गावानं बाहेरच ठेवलं, म्हणून तो आमचा शेजारी. थडगं झाडायचं आणि वर्षाला चुना मारायचा हे काम आमच्या भावकीकडं कधी आलं ते सांगणारं कुणी उरलं नाही. छप्पन साली आमच्या घरानं धम्म घेतला, देव सोडले, नवस सोडले, पण ही झाडलोट काही सुटली नाही. माझ्या धाकट्या चुलतभावाला मी एकदा यावरून छेडलं होतं. तो म्हणाला, आम्ही कुठं नवस करतोय, नवस करणारे करतात, आम्ही नुसतं सांभाळतो.

मी कोल्हापुरात हायस्कूलवर इतिहास शिकवला आणि निवृत्त झाल्यावर मंगळवार पेठेतल्या घरात बसून काहीबाही लिहायला लागले. एका रविवारच्या पुरवणीत या थडग्यावर दोन रकाने लिहिले. कुणीतरी तो मजकूर इंटरनेटवर टाकला, आणि तिथून पुढं माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

इंग्लंडमधून एका बाईंचा ईमेल आला. त्यांचा एक पूर्वज अठराव्या शतकात कंपनीच्या मुंबईच्या फौजेत होता. तिथून तो पळाला आणि घाटावरच्या कुठल्याशा राजाकडं तोफेवर गोलंदाज म्हणून राहिला, तो परत घरी गेलाच नाही. तुमचं थडगं त्याचं असू शकेल का, असं त्यांनी विचारलं होतं. इथवर ठीक होतं. पण बाईंचा खरा प्रश्न पुढं होता. फौजेत येण्याआधी हा गडी एका जहाजावर पहारेकरी होता, आणि ते जहाज मादागास्करच्या किनाऱ्यावरून माणसं भरून आणत असे. विकायला. बाईंना कळून घ्यायचं होतं की आपल्या माणसाचा या धंद्यात हात किती होता. नुसता पगारी पहारेकरी होता, की त्यानं स्वतःसाठीही माणूस विकत घेतला होता? त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या एक वाक्य सांगत आले होते, की तो मुंबईहून निघाला तेव्हा एकटा नव्हता. बरोबर कोण होतं, हे मात्र कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

ते वाक्य वाचलं आणि मला पायथ्याचा छोटा दगड आठवला. ईमेल वाचता वाचता हातातला चहा गार झाला. लहानपणापासून ज्या दगडावर आम्ही भाकरीचे तुकडे बघत आलो, त्याच्याखाली कुत्रं कशावरून?

मग मी कामाला लागले. इतिहासाच्या मास्तरणीला कुणी काही शोधायला सांगितलं की तिला हुरूप येतोच, तो मलाही आला. पहिल्यांदा थडग्यावर कोरलेला लेख वाचावा म्हटलं. लेख आहे, लहानपणी त्या खाचांत मी बोटं घातलेली आहेत. पण आमच्याच भावकीनं इतकी वर्षं इतक्या भक्तिभावानं चुना मारला, की अक्षरं बुजून दगड गुळगुळीत झालाय. ओल्या फडक्यानं घासलं, पोपडे निघाले, खाली आणखी चुना. एका ठिकाणी एक उभी रेघ लागली. ती कुठल्याही अक्षराची असू शकत होती. बाईंना तसं कळवलं. त्यांचं उत्तर आलं, की मग तो आपलाच माणूस असण्याची शक्यता आहे म्हणायची. शक्यता या शब्दाचा मला तेव्हापासून जो तिटकारा बसला तो आजतागायत आहे.

जुन्या दप्तरात खेटे घातले. अर्ज द्या, ओळखपत्र द्या, आज मोडी वाचणारे रजेवर आहेत, उद्या या. उद्या गेलं की झेरॉक्सचं यंत्र बंद. शेवटी मोडी जाणणाऱ्या एका गृहस्थांनी मेहेरबानी करून काही कागद वाचून दाखवले. त्यात टोपीवाले गोरे होते, त्यांचा दाणागोटा होता, त्यांच्या दारूच्या तक्रारी होत्या. नावं अशी की वाचणाराही हसावा. आमच्या साहेबाचं त्यात काही नव्हतं, आणि त्याच्याबरोबर आलेल्या माणसाचं असायचं कारणच नव्हतं. विकत घेतलेल्या माणसाची हजेरी कोण घेतो?

एक ओळखीचे प्राध्यापक आहेत. त्यांना हे सांगितलं तर भलतेच खूश झाले. गोऱ्यांचं पाप आपल्या मातीत सापडतंय म्हणून माझं एक व्याख्यानच ठेवायला निघाले. मी म्हटलं, ठेवा, मग त्यात आपल्याकडच्या बटकी आणि कुणबिणींचंही बोलते. आपल्याकडंही बायका विकत घेतल्या जात होत्या, आंदण म्हणून दिल्या जात होत्या, मोठमोठ्या घरांतून होत्या. तेही त्याच काळातलं आहे. प्राध्यापकांचा चेहरा पडला. ते वेगळं होतं, म्हणाले. आपल्याकडं त्यांना घरच्यासारखं वागवत. मी विचारलं, तुमच्या घरात होत्या का? त्यानंतर त्यांनी माझा फोन उचलला नाही. गोऱ्याचा गुलाम सगळ्यांना हवा आहे, स्वतःच्या माजघरातली बाई कुणालाच नको आहे. मला त्या दिवशी इतका राग आला की घरी येऊन विनाकारण भांडी घासत बसले.

त्या वर्षीच्या थंडीत बाई स्वतः आल्या. उंच, वयस्कर, सतत माफी मागणाऱ्या. मी त्यांना गावी घेऊन गेले. माझ्या चुलतभावानं आधीच गावभर सांगून ठेवलं होतं, साहेबाची नात येतेय. झालं. हलगी आली, सरपंच आले, बाईंना फेटा बांधला, नारळ दिला. बाया त्यांच्या पाया पडायला लागल्या. पूर्वजाच्या पापाचा हिशेब करायला आलेली ती बाई बिचारी फेटा सावरत उभी होती आणि मला विचारत होती, की हे लोक माझ्या पाया का पडताहेत? काय सांगणार? थडग्यापाशी त्या डोळे पुसत राहिल्या. मग छोट्या दगडाकडं बोट करून त्यांनी विचारलं, हा कुणाचा? मी उत्तराची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात भाऊ मध्ये पडला. त्याला जेवढं इंग्रजी येतं तेवढं त्यानं वापरलं. "डॉग, मॅडम. साहेब का डॉग."

बाईंच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. त्या सुटल्या. म्हणजे तो एकटा आला नव्हता, त्याच्याबरोबर त्याचं कुत्रं होतं! त्यांनी भावाचा हात हातात घेतला, आपल्या घरच्या कुत्र्यांचे फोटो मोबाईलवर दाखवले. परतताना गाडीत मी त्यांना म्हटलं, की हे गावाचं म्हणणं आहे, याला पुरावा नाही, तिथं माणूसही असू शकतो. त्यांनी मोबाईल पिशवीत ठेवला आणि बाहेर उसाकडं बघितलं. मग म्हणाल्या, शक्य आहे. त्यांची चूक होती असं मी म्हणत नाही. इतक्या लांबून इतकं अवघड काही विचारायला आलेल्या माणसाला कुणी सोपं उत्तर दिलं तर तो घेणारच. पण माझ्या हातात काही राहिलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात भावाचा फोन आला. ग्रामपंचायतीनं थडग्याच्या सुशोभीकरणाला निधी दिला होता. चबुतरा, फरशी, वर पत्र्याची शेड आणि माहितीचा फलक. भाऊ देखभाल कमिटीचा अध्यक्ष. फलकाचा मजकूर तू लिही, म्हणाला, शिकलेली आहेस. मला आनंदच झाला. इतके दिवस दारोदार फिरून जे मिळालं नव्हतं ते निदान दगडावर नीट मांडता येईल असं वाटलं. माहीत नाही ते माहीत नाही म्हणून तरी लिहिता येईल.

काम बघायला म्हणून मी दुपारची एसटी धरून गेले. चबुतऱ्यासाठी भोवतीची माती काढली होती. साहेबाचा भाग मोकळा झाला होता आणि पायथ्याचा छोटा दगडही. तो दगड म्हणजे नुसती उशाशी उभी केलेली खूण होती. त्याच्यापासून पुढं मातीखाली चुन्यातलं जुनं बांधकाम निघालं होतं, सपाट आणि लांब. गवंडी जेवण उरकून त्याच बांधकामावर आडवा झाला होता. तोंडावर टॉवेल टाकून, हातपाय सैल सोडून तो निवांत झोपला होता. डोक्यापासून टाचेपर्यंत तो त्यावर मावला होता आणि टाचेखाली वीतभर जागा उरली होती.

भाऊ पलीकडं फरशा मोजत होता. मी भावाचा हात धरून त्याला तिथं आणलं.

"बघ," मी म्हटलं. "हे कुत्र्याचं हाय?"

त्यानं गवंड्याकडं बघितलं, बांधकामाकडं बघितलं, डोकं खाजवलं.

"विलायती कुत्रं की, आक्का," तो म्हणाला. "थोराडच असणार."

मी त्याला कितीतरी समजावलं. साहेबाबरोबर कुणीतरी आलं होतं, त्या जहाजातून माणसं विकायला आणत होते, पायाशी पुरलेलं माणूस म्हणजे चाकरीचं किंवा विकत घेतलेलं असू शकतं. तो ऐकून घेत होता, नाही असं नाही. आमच्या आवाजानं गवंडी उठून बसला आणि त्यानंही ऐकलं. मग त्यानं विचारलं, की माणूस असंल तर काम थांबवायचं का? भाऊ म्हणाला, थांबवायचं कशाला, साहेबाची यात्रा तोंडावर आलीय. उकरून बघा असं म्हणायची माझीही हिंमत नव्हती. एवढी वर्षं झोपलेल्या माणसाला, मग तो कुणीही असो, माझ्या शंकेपायी उकरायचं हे मलाच पटेना. पुरातत्त्ववाल्यांना मी पत्र टाकलं होतं. ते अजून पोचायचंय बहुतेक.

मजकूर लिहून मी त्याला पाठवला. साधा होता. इथं अठराव्या शतकातला एक इंग्रज गोलंदाज पुरला असावा, आणि त्याच्या पायथ्याशी त्याच्याबरोबर आलेली एक व्यक्ती असावी, जिच्याबद्दल काही माहिती मिळत नाही. एवढंच. कमिटीनं तो परत पाठवला. त्यांना हवं होतं, 'गोरे साहेब व त्यांचा इमानी कुत्रा'. मी तडक गावी गेले.

भावाच्या ओसरीवर आमचं जे वाजलं ते शेजाऱ्यांनी कामं सोडून ऐकलं. मी म्हटलं, आपल्या आज्याला गावाच्या विहिरीवर चढू देत नव्हते, त्याच विहिरीच्या डोणीत कुत्री तोंड घालत होती. हे तुझ्या बापानं तुला सांगितलंय आणि माझ्या बापानं मला. दुसऱ्या कुणी माणसाला कुत्रं म्हटलं तर म्हणू दे. आपण म्हणायचं? आपल्या हातानं दगडावर कोरायचं?

तो चिडेल असं मला वाटलं होतं. तो चिडला नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

"आक्का, तू शहरात ऱ्हातीस," तो म्हणाला. "ह्या कुत्र्यापायीच गाव आज आपल्या वस्तीत येतंय. चपला काढून येतंय. आपल्या हातचं पाणी पितंय. उद्या मी सांगितलं, इथं कुणीतरी विकत आणलेला माणूस हाय, तर कोण यील? कोण भाकरी ठेवंल त्येच्यापुढं?"

तो खोटं बोलत नव्हता. वस्तीतल्या रस्त्यावर डांबर पडलं ते यात्रेमुळं, दिवे लागले ते यात्रेमुळं. पाटलांच्या घरची सून मुलाला कुत्रं चावलं म्हणून भाकरी घेऊन आली आणि माझ्या भावजयीच्या दारात बसून चहा प्याली, हे मी डोळ्यांनी बघितलेलं आहे. ज्याला माणूस म्हणून कुणी विचारलं नसतं, त्याला कुत्रं म्हणून मान मिळत होता, आणि त्या मानाचा एक तुकडा आमच्याही वाट्याला येत होता. मला रडू यायला लागलं, आणि रडू आलं म्हणून आणखी संताप आला.

शेवटी भावजयीनं तोडगा काढला. कुत्रा नको, व्यक्ती नको, 'इमानी सोबती' लिहा. ज्याला जे समजायचं ते समजेल. इमानी हा शब्द मला घशात अडकत होता. विकत घेतलेल्या माणसाच्या इमानाची ग्वाही आपण कोण देणार? पण निदान कुत्रा हा शब्द तरी निघाला होता. मी हो म्हटलं. एसटीत बसल्यावर वाटलं, अगदीच हरले नाही. बाईंना ईमेलही केला, की फलकावर कुत्रा असं लिहिलेलं नाही. त्यांनी आभार मानले आणि पुन्हा एकदा माफी मागितली, कशाची ते त्यांना तरी कळलं असेल का कोण जाणे.

यात्रेच्या दिवशी मी गेले ती जरा उशिरानंच. पाणंदीत पाळणे आले होते, भजीची गाडी लागली होती, कर्ण्यावर कुणीतरी देणगीदारांची नावं घेत होतं. थडग्याभोवती गुळगुळीत तांबडी फरशी, वर निळा पत्रा. फलक लागला होता. 'गोरे साहेब व त्यांचा इमानी सोबती.' मी तो दोनदा वाचला. भाऊ नवा सदरा घालून गर्दीतून वाट काढत माझ्याकडं आला.

"बघ, आक्का. कुत्रा लिव्हलं न्हाय. तुझा शब्द पाळलाय की."

तो बाजूला झाला तेव्हा मला ते दिसलं. छोट्या दगडाच्या जागी सिमेंटचं कुत्रं बसवलं होतं. गुडघ्याइतकं उंच, चॉकलेटी रंगाचं, जीभ बाहेर, कान उभे. हातकणंगल्याच्या कारागिराकडून करून आणलं, भाऊ सांगत होता, बंगल्यांच्या फाटकावर बसवतात तसलं. चांगलं झालं होतं, नाही म्हणता येत नव्हतं. पोरं त्याच्या पाठीवर हात फिरवत होती. पुढं भाकऱ्यांची चळत लागली होती. छोटा दगड कुठं गेला म्हणून विचारलं, तर भरावात घातला, म्हणाला. खालचं लांब बांधकाम फरशीखाली गेलं होतं. गवंडी झोपला होता ती जागा आता कुणालाही दाखवता येणार नव्हती.

कुत्र्याच्या गळ्यात पट्टा रंगवला होता आणि पट्ट्यात कडी बसवली होती. त्या कडीत लोखंडाची साखळी होती, खरी, गुरं बांधतात तसली. ती साखळी फरशीवरून मागं गेली होती आणि साहेबाच्या थडग्यात ठोकलेल्या हुकाला कुलूप घालून बांधली होती.

"हे काय?" मी विचारलं.

"साखळी. चोरीला जाईल न्हाय तर. पलीकडच्या गावात नंदी न्हेला की चोरून."

"काढ ती."

"आक्का."

"जाऊ दे चोरीला. साखळी काढ."

लोक बघायला लागले होते. भावानं मला कोपरानं धरून शेडच्या खांबाआड नेलं. त्याच्या तोंडावर राग नव्हता, थकवा होता. माझ्याही असेल.

"तुला नक्की म्हाईत हाय का त्यो माणूस हुता?" त्यानं हळू विचारलं.

इतकी वर्षं मुलांना शिकवलं, की जे सिद्ध होत नाही ते ठामपणे सांगू नये. त्या क्षणी मला ते सगळं शिकवणं थुंकून टाकावंसं वाटलं. एवढ्या खेपा घातल्या, एवढे अर्ज, एवढे ईमेल, आणि माझ्याकडं काय होतं? एका घरातलं अर्धवट वाक्य आणि भर दुपारी झोपलेला एक गवंडी.

"न्हाय," मी म्हटलं.

"मग?" तो म्हणाला, आणि कुणीतरी हाक मारली म्हणून निघून गेला. आरतीची वेळ झाली होती.

एक बाई पुढं आली. तिच्या कडेवरच्या मुलीच्या पिंढरीला पांढरी पट्टी होती. तिनं भाकरी ठेवली, मुलीचा हात धरून कुत्र्याच्या डोक्यावरून फिरवला आणि हात जोडले. ती गेल्यावर मी पायातल्या चपला काढल्या, फरशीवर गेले आणि वाकून ते कुलूप ओढून बघितलं. पक्कं लागलं होतं.